आवाज त्याच्या हातात

माझा भाऊ फौजेतून कायमचा घरी आला, तेव्हापासून आमच्या ओळखीपाळखीतलं प्रत्येक माणूस मला एकच गोष्ट शिकवायला लागलं: त्याला गाणं ऐकवा, बरं वाटेल. मी सगळी नोकरी शाळेत गाणं शिकवण्यात घातली, तरी मला शिकवायचे. मोबाईलवर तक्ते यायचे, मधुमेहाला हा राग, दम्याला तो, मन बिथरलं असेल तर पहाटे अमुक ऐका. एका बाईंनी तर कुठूनतरी पितळेची मोठी वाटी आणून दिली आणि म्हणाल्या, ही त्याच्या कानाशी वाजवा. मी ती वाटी त्यांच्यासमोरच भांड्यांच्या फळीवर ठेवली. पुढं त्यात आम्ही ताक घुसळलं. सुरानं माणूस इतका सहज निवळत असता, तर गवयांच्या घरात कधी भांडणंच झाली नसती.

माझा भाऊ तोफखान्यात हवालदार होता. माझ्याहून धाकटा. मी त्याला तम्मा म्हणते, तो मला अक्का म्हणतो. घरात आम्ही निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलतो. अंगानं तो धडधाकट आहे, त्याला कुठंही जखम नाही, म्हणून लोकांना वाटायचं याला काही झालेलंच नाही. आमचं घर नवी पेठेच्या मागच्या गल्लीत. सकाळी दुकानांची शटरं एकापाठोपाठ एक धाडधाड वर जातात, आणि त्या आवाजाला तो चहाचा कप टाकून भिंतीला पाठ लावायचा. मग स्वतःच फरशी पुसायचा, कुणाच्याही नजरेला नजर न देता. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, वैरागची. ती मला एकदा चुलीपाशी हळूच म्हणाली, "वन्सं, मानूस घरी आलंय, पन अजून पुरतं आलं न्हाय." त्या बाईनं तक्रार अशी तेवढीच केली.

त्याला उपचार मिळाले ते लष्कराच्याच दवाखान्यात, निवृत्तीच्या आधी. तिथं एक डॉक्टर बाई होत्या, स्वतः वर्दीतल्या. त्या जवानांना एका खोलीत चटईवर बसवायच्या आणि नुसता एक सूर लावायच्या. गाणं नाही. गाण्याला शब्द असतात, शब्दांना आठवणी असतात, आठवणींचं नंतर बघू, असं त्यांचं म्हणणं. आणखी एक होतं. डोळे मिटा असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. सगळ्यांची तोंडं दाराकडं, डोळे उघडे. ज्याला पहाऱ्याची सवय झालीय त्याला डोळे मिटून बसवलं तर तो शांत कसा होईल? हे ऐकलं तेव्हाच मला त्या बाई पटल्या. मी त्यांच्याशी फोनवर बोलले. त्यांचं सगळं शास्त्र मला एका वाक्यात कळलं: आवाज कधी सुरू व्हायचा आणि कधी थांबायचा हे त्याच्या हातात असू द्या, हळूहळू शरीर मानायला लागेल की प्रत्येक आवाज म्हणजे हल्ला नसतो.

मग आम्ही घरी सुरुवात केली. माझा तंबोरा काढला, तारांखालची जवारी नीट करून घेतली. तंबोरा तो छेडणार, मी नाही. तो थांबला की आवाज थांबला. पहिले काही दिवस तो फक्त खर्जाची तार छेडून तिच्यावर हात ठेवायचा, परत छेडायचा, परत हात ठेवायचा. माझ्यातल्या मास्तरणीला ते बघवायचं नाही, पण मी तोंडाला कुलूप घातलं. नंतर तो चारही तारांवर आला. मग आम्ही स्वयंपाकघरात गेलो. कुकर तोच लावायचा, शिट्टीची वाट बघत तोच उभा राहायचा, गॅस तोच बंद करायचा. वहिनीला आयती डाळ शिजून मिळायची. मग मोटारसायकल, तोच किक मारणार. मग समोरच्या कापडवाल्याला सांगून त्याच्या दुकानाचं शटर रोज सकाळी माझा भाऊ उघडायला लागला. खाली वाकून, कुलूप काढून, दोन्ही हातांनी वर ढकलायचा. बाकीच्या शटरांना अजून दचकायचा, पण भिंतीकडं पळायचा नाही.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगते. पोरीचं लग्न ठरलं होतं. माझी भाची, त्याची एकुलती एक लेक. जेऊरकडचं स्थळ, पोरगा चांगला. लग्नात अक्षतांच्या वेळी काय होतं ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. मंगलाष्टकं संपतात, सगळा मांडव अक्षता उधळतो, आणि त्याच क्षणी बँड, ताशे, फटाके सगळं एकदम कडाडतं. त्या एका क्षणी त्याला पोरीच्या शेजारी उभं राहायचं होतं. एवढंच मागणं. पोरीच्या बारशाला तो नव्हता, तिच्या शाळेत एकाही बक्षिसाला नव्हता, आणि आता रजा, हुकूम, सीमा असलं कुठलंच कारण उरलं नव्हतं. पोरगी म्हणाली की बँडच नको. हाच म्हणाला, नाही, बँड लागणार. लपून राहिलेल्या बापासारखं मला उभं राहायचं नाही. मग डॉक्टर बाईंनीच फोनवर सुचवलं की इशारा त्याचा असू दे. तो हात वर करेल तेव्हा वाजेल, खाली घेईल तेव्हा थांबेल.

बँडमास्तर आमच्या ओळखीचे, म्हातारे, मुसलमान गृहस्थ. दखनीत बोलतात, मध्येच मराठी. मला वाटलं होतं हे ऐकून हसतील. ते हसले नाहीत. संध्याकाळी एकटेच ताशा गळ्यात अडकवून आमच्या घरी यायला लागले. ते अंगणात बसायचे, माझा भाऊ दारात. हा हात वर करायचा, ते वाजवायचे. हात खाली, की काडी अधांतरी थांबायची. आधी दाराआडून, मग ओसरीवरून, मग समोरासमोर. एकदा तर हात वर होता आणि माझा भाऊ चक्क हसला. वहिनी आत पोळ्या लाटत होती, ती लाटणं हातात घेऊनच बाहेर आली बघायला. मी त्या दिवशी देवापुढं साखर ठेवली, आणि मी काही फार देवदेव करणारी नाही.

आणि मग आमच्या गल्लीच्या मंडळाला देशप्रेमाचा झटका आला.

हल्ली आपल्या जिल्ह्यात एक नवीनच रीत पडलीय. जवान निवृत्त होऊन आला की त्याची उघड्या जीपमधून मिरवणूक काढायची. डीजे, फटाक्यांच्या माळा, गुलाल, फेटा. जवानाला आमच्याकडं सगळे मेजरच म्हणतात, तो शिपाई का असेना. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे नवी पेठेतले साड्यांचे व्यापारी, माझ्याच एका विद्यार्थिनीचे वडील. वाईट माणूस नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, दार लावून घेतलं असतं. ते हातात नारळ घेऊन आले आणि म्हणाले की मेजरांची मिरवणूक काढायची ठरलंय. माझ्या भावानं हात जोडून नको म्हटलं. ते हसले. मी सांगितलं, नको. का नको तेही सांगितलं, अगदी शाळेतल्या पोरांना सांगावं तसं फोडून सांगितलं, की त्याला मोठा आवाज सोसत नाही, उपचार चालू आहेत, लग्न तोंडावर आलंय. वहिनीनंही पदर सावरत सांगितलं, न्हाय म्हंजी न्हाय. तिघांनी सांगितलं. ते चहा पिऊन, बरं बरं म्हणत गेले.

लग्नाच्या आधीच्या रविवारी दुपारी, आम्ही कुंकवाच्या पुड्या बांधत बसलो होतो. दाराशी जीप येऊन थांबली. तिच्यामागं डीजेचा ट्रक, घराच्या उंचीच्या पेट्या. पोरं आत आली, माझ्या भावाला खांद्यावर उचललं आणि जीपवर नेऊन उभं केलं. लग्नघर म्हणून दार सताड उघडं होतं. डोक्याला फेटा गुंडाळेपर्यंत त्याला कळलंसुद्धा नाही काय चाललंय. मग पेट्या सुरू झाल्या. आमच्या खिडकीच्या काचा थरथरत होत्या, माझ्या छातीत धडधडत होतं, आणि मला तर कुणी तोफेपाशी कधी उभं केलेलं नाही. मी ओरडत बाहेर पळाले. माझा आवाज खणखणीत आहे, सगळी शाळा ऐकायची. त्या दिवशी मलासुद्धा तो ऐकू आला नाही.

त्यानं वाकायचा प्रयत्न केला. जीपमध्ये खाली बसायला बघत होता तो. अध्यक्ष त्याच्या शेजारीच उभे होते. त्यांना वाटलं, हा भारावून गेलाय. त्यांनी त्याचा उजवा हात मनगटाला धरला आणि वर केला, उंच, लोकांना अभिवादन करायला लावतात तसा. आणि तो हात त्यांनी खाली येऊ दिला नाही. पूर्ण गल्लीभर धरून ठेवला. माझ्या भावाचे ओठ हलत होते. मी जीपच्या बाजूनं पळत होते म्हणून मला कळलं. तो म्हणत होता, "साकू, साकू." आमच्या घरातलं कानडी. पुरे, पुरे. त्याच वेळी पुढच्या चौकात फटाक्यांची माळ लागली आणि त्याची विजार ओली झाली. ते मी लिहिते आहे, कारण त्यानंच मला सांगितलं, लिहायचं तर खरं लिही.

मिरवणूक संपल्यावर त्याला घरी सोडून सगळे जेवायला गेले. तो न्हाणीत जाऊन बसला. रात्री वहिनीनं कसंबसं बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तंबोऱ्याला हात लावला आणि झटका बसल्यासारखा काढून घेतला. बँडमास्तर नेहमीच्या वेळेला ताशा घेऊन आले, दारातूनच सगळं समजले, आणि ताशा काढून चपलांपाशी ठेवून नुसतेच त्याच्याजवळ बसून राहिले. जाताना मला म्हणाले, "बाई, इत्ते दिन का काम था. एक दिन में मिट्टी कर दिया."

मग मी नवी पेठेत गेले. भर गर्दीच्या वेळी, मुद्दाम. दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं, साड्यांचा ढीग समोर. अध्यक्ष उठून उभे राहिले, बाई या म्हणाले, गादीवर बसवायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी उभ्यानंच विचारलं, तीन तीन माणसांनी नको सांगितलं होतं, तुम्हाला ऐकू आलं नव्हतं का? त्यांनी जे उत्तर दिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते म्हणाले, "नको तर म्हणणारच की बाई. मोठी माणसं कधी हो म्हणतात का? आग्रह करावाच लागतो."

आग्रह! पंगतीत पाहुणा नको नको म्हणतो आणि आपण वाढत राहतो, कारण त्याचं नको म्हणजे लाज, आणि आपलं वाढणं म्हणजे माया, असं आपल्याला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं. त्या सभ्य, मायाळू, मूर्ख माणसानं माझ्या भावाला आवाज वाढला होता, श्रीखंड वाढावं तसा. मी म्हटलं, माझा भाऊ पंगतीला नव्हता बसला. तो आजारी आहे, आणि तुम्ही त्याला मारलंय, सगळ्यांच्या देखत, फेटा बांधून. मी आणखी पुष्कळ बोलले. गिऱ्हाईक बाया पिशव्या उचलून गेल्या. ते मान खाली घालून उभे होते आणि मध्ये मध्ये म्हणत होते, आमच्या मनात तसं काही नव्हतं हो. मनात! यांच्या मनात काय आहे हे आम्ही किती जपायचं? त्याच्या कानात काय गेलं ते कुणी बघायचं?

घरी येऊन मी सांगितलं की बँड रद्द. पोरगी म्हणाली, हो आत्या, रद्दच. माझा भाऊ खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. तो म्हणाला, "ठरल्याप्रमाणं. इशारा मीच देणार." डॉक्टर बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, त्याला जायचं असेल तर जाऊ द्या, पण इशारा नाही दिला तर कुणी वाजवायचं नाही, एवढं सांभाळा.

एवढं सांभाळा! लग्नाच्या दिवशी सकाळी मी त्या मंगल कार्यालयात फटाके शोधत फिरले, पोलिसासारखी. मुलाकडच्यांना गाठून सांगितलं. त्यांच्यातले एक मामा म्हणाले, फौजी माणूस आणि फटाक्याला भितो, हे नवीनच ऐकलं. मी त्यांना विचारलं, तुम्ही ऐकलेत किती फटाके, जे समोरून तुमच्याच अंगावर आले? ते पाणी प्यायला निघून गेले. अध्यक्षांना पत्रिका आधीच गेली होती आणि इशाऱ्याचं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं; तेही येऊन पहिल्या रांगेत बसले.

मुहूर्ताला माझा भाऊ पोरीच्या मागं उभा होता, नवीन सदरा, टोपी. चेहरा राखेसारखा. बँडवाले स्टेजच्या खाली डाव्या हाताला. मास्तरांची नजर त्याच्या हातावर. लग्न लावणाऱ्या स्वामींनी मंगलाष्टकं म्हटली, शेवटचं सावधान झालं, अंतरपाट खाली आला.

हात वर गेला नाही.

सगळं कार्यालय अक्षता मुठीत धरून उभं, आणि वाजेना. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, वाजवा की. मागून आणखी कुणी म्हणालं. मास्तर हलले नाहीत. त्यांच्या एका पोरानं ढोलाला काडी लावली, तर मास्तरांनी न बघता त्याचा दंड धरला. माझ्या भावाचा उजवा हात अंगाला चिकटलेला होता आणि खांदा तेवढा वर व्हायचा, परत खाली यायचा. तो प्रयत्न करत होता. मी बहीण आहे, मला दिसत होतं.

आणि पहिल्या रांगेतून अध्यक्ष उठले. डोळ्यात पाणी, तोंडावर तेच मायाळू हसू. दोन पायऱ्या चढून वर आले आणि त्याच्या मनगटाकडं हात नेला, उचलून द्यायला. मदत म्हणून.

मी मध्ये गेले. त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला, आणि चांगला दाबून धरला. माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आधी भाऊ बोलला. मोठ्यानं नाही, पण स्वामींच्या पुढ्यातला माईक चालू होता, त्यामुळं शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.

"नको. वाजवू नका."

मास्तरांनी गळ्यातला ताशा काढून जमिनीवर ठेवला. त्यांचं बघून बाकीच्यांनी ठेवलं. क्लॅरिनेटवाल्यानं वाद्य मांडीवर आडवं घेतलं. एवढी माणसं, आणि कुणीही आग्रह केला नाही. कुणी म्हणालं नाही की थोडं तरी, शास्त्रापुरतं तरी. पोरीनं मागं वळून बापाकडं बघितलं आणि मग नवऱ्याच्या गळ्यात हार घातला. अक्षता पडल्या. मी जन्मभर सूर ऐकत आले, पण तांदूळ एवढ्या माणसांच्या हातून पडताना आवाज होतो हे मला ठाऊक नव्हतं. बारीक, सगळीकडून येणारा. माझा भाऊ त्या आवाजात उभा होता, पोरीच्या पाठीवर हात ठेवून, ताठ.

अध्यक्षांचा एक हात अजून माझ्या हातांत होता. दुसऱ्या मुठीत त्यांच्या अक्षता तशाच राहिल्या होत्या. मी हात सोडला आणि म्हटलं, "टाका की आता. याचा त्रास होत नाही त्याला."